पोकळीचे भाडे

आमच्या सौभाग्यवतीने शिरूरला चिवड्याचा धंदा काढला आणि पार्सलखाते माझ्या गळ्यात पडले. शिरूरला रेल्वे नाही; म्हणून स्वस्ताईच्या शोधात मी एस.टी.ने दौंड जंक्शन गाठले. चार खोक्यांत वाचणार किती? माझेच जाण्यायेण्याचे भाडे त्याहून जास्त झाले!

मग गावातला कुरियरवाला गाठला. किलोभर चिवड्याला त्याने तीन किलोंचे पैसे सांगितले. मी भांडलो. त्याने शांतपणे खोका मोजला. ३० × २५ × २० सेंटिमीटर, भागिले ५०००. उत्तर तीन!

घरी हिने खोक्याची उंची निम्मी केली. हिशेब दीड किलोवर आला.

“अहो, महिनाभराचा नफा तुम्ही हवा पाठवण्यात घालवलात!”

तेव्हापासून दरपत्रक मी वाचतो. पट्टी मात्र तिच्या हातात असते.