एका लहानशा झडपेची गोष्ट

यंत्र जितके सोयीचे, तितके त्याच्याविषयीचे आपले अज्ञान गाढ, असे पुष्कळदा आढळते. १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत ‘हायड्रा-मॅटिक’ ही स्वयंचलित गिअरची यंत्रणा आली आणि चालकाच्या डाव्या पायाची क्लचच्या कष्टांतून सुटका झाली. त्याबरोबर गिअर बदलतो कसा, हे जाणून घेण्याची गरजही आपल्याला वाटेनाशी झाली.

आमच्या घरी ही सोय चैनीची नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या पत्नीला क्लच दाबवत नाही. अशा मोटारीमुळेच ती एकटी कोठेही जाऊ शकते. म्हणून बारा वर्षांची आमची मोटार तिसऱ्या गिअरमध्येच अडकून राहिली, आणि गॅरेजमध्ये संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा प्रश्न केवळ पैशांचा उरला नाही. खर्चाचा आकडा ऐकून मोटार विकण्याची भाषा घरात सुरू झाली आणि पत्नी अगदी गप्प झाली.

वाचकहो, अशा वेळी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिअरबॉक्सच्या आतील क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात. ते तेल कोणत्या वाटेने जावे, हे सोलेनॉइड नावाच्या विजेच्या लहानशा झडपा ठरवितात. त्यांतील एखादी निकामी झाली, तरी मोटारीतील संगणक सावधगिरी म्हणून गाडी एकाच गिअरमध्ये ठेवू शकतो. तेव्हा गिअर अडकला म्हणजे गिअरबॉक्स झिजलाच, असे समजू नये.

संगणकातील सांकेतिक क्रमांकाने एका सोलेनॉइडकडे बोट दाखविले होते. मी सपाट जमिनीवर मोटार भक्कम स्टँडवर टेकविली. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. तेल निवल्यावर काढले आणि मोजून ठेवले. खालच्या तबकातील लोहचुंबकांवर मऊ, करडी भुकटी दिसली. ती नित्याच्या झिजेची खूण होय. धातूचे तुकडे आढळते, तर मी तेथेच थांबलो असतो. मग मीटर लावला. पुस्तिकेप्रमाणे प्रत्येक गुंडाळीचा विद्युतरोध ११ ते १५ ओहम हवा होता. इतर सर्व त्या मर्यादेत होत्या. एकीतून मात्र वीज वाहतच नव्हती. तिची तार आत तुटली होती.

नवी झडप बसविणे हे काम त्यामानाने सोपे. स्वच्छता मात्र शस्त्रक्रियेसारखी हवी, कारण चिंधीचा एक धागाही तेलाची वाट अडवू शकतो. बोल्ट ठरल्या मापाने आवळले, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच नवे तेल भरले आणि ते योग्य तापमानाला आल्यावर पातळी तपासली. गिअर पूर्ववत् बदलू लागले. दुसऱ्या दिवशी पत्नी एकटीच आपल्या आईला भेटून आली.

प्रत्येकाने हे काम घरी करावे, असे मी म्हणणार नाही. साधने व पुस्तिका हाताशी नसतील, तर ते जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे. परंतु मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी ‘दोष नेमका कोणत्या भागात आहे, आणि तो तपासला कसा?’ एवढे अवश्य विचारावे. तो विचारण्यासाठी हात काळे करावे लागत नाहीत.