रोजच्या जीपचा एक्सल

आमच्याकडे जीप ही हौस नाही. घर डोंगराच्या उतारावर, डांबरी रस्ता दोन किलोमीटर खाली, आणि मधली वाट जांभ्याची. पावसाळ्यात तिचा ओढा होतो. त्या वाटेने रोज सकाळी मी आणि मुलगी शाळेत जातो, मी शिकवायला, ती शिकायला. आठवड्यातून दोनदा अम्मीला डायलिसिसला न्यायचं असतं. अब्बांनी घेतलेली उंच बोनेटची जुनी महिंद्रा हे सगळं निमूट करत आली आहे. लोक चिखल शोधायला शंभर किलोमीटर जातात म्हणे. आमच्या दारात तो फुकट आहे.

मे महिन्यात मागच्या डाव्या चाकातून, क्लच सोडताना, ‘टक्’ असा आवाज यायला लागला. मिस्त्रींनी पुलर लावून हब काढला, एक्सलचं टोक रॉकेलने भिजवलं, फडक्याने कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली. थोड्या वेळाने चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. “पावसाच्या आधी दिसलं, शुक्र करा मास्तर,” ते म्हणाले.

शुक्र का करायचा, ते सांगायला हवं. या जीपचा मागचा एक्सल सेमी फ्लोटिंग. म्हणजे आतली दांडी चाक फिरवते आणि गाडीचं वजनही पेलते. तिचं बाहेरचं टोक निमुळतं असतं. त्यावर हब घट्ट बसतो, दोघांमध्ये चावी, वरून नट. दांडी बेअरिंगच्या बाहेर तुटली तर चाक ड्रमसकट निघून जातं. ड्रम गेला की ब्रेकच्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात, ऑईल वाहून जातं, आणि एकेरी मास्टर सिलिंडरच्या जुन्या गाडीत चारही ब्रेक एकदम जातात. हँडब्रेक ओढावा, तर तो चाकांवर नाहीच. तो ट्रान्स्फर केसमधून मागे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. एका बाजूची दांडी तुटली की डिफरन्शियल ती बाजू मोकळी फिरू देतं आणि हँडब्रेक असून नसल्यासारखा. फोर व्हील जोडलेलं असेल तर मात्र तो पुढच्या चाकांमार्फत धरतो. जुनी जीप चालवणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावं.

तर, बदलायचं ठरलं. काय बसवायचं यावर घरात पंधरा दिवस चर्चा झाली.

धाकटा भाऊ दुबईत असतो. वाळूत उड्या मारणाऱ्या गाड्या तो दर शुक्रवारी बघतो. त्याचा फोन: “भाईजान, तुकड्या-तुकड्याने कशाला करता? डबवालीहून पुढचा-मागचा जाड एक्सल मागवा, पैसे मी पाठवतो.” हरियाणातलं मंडी डबवाली जीप बनवून देण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि भावाचं मन मोठं आहे, दोन्ही खरं. शेजाऱ्यांचं म्हणणं, कुर्ल्याला जा, नव्या गाडीचा अख्खा सेट भंगारात स्वस्त मिळेल, हायवेला गाडी पळेल.

पळेल, हे बरोबर. माझ्या एक्सलमध्ये क्राऊनला ४३ दात आहेत, पिनियनला ८. भागाकार ५.३७५. त्याऐवजी ३.७३ चा एक्सल आला, तर त्याच वेगाला इंजिन साधारण ३० टक्के कमी फिरेल. आवाज कमी, डिझेलही थोडं वाचेल. पण पहिल्या गिअरमधली ओढही तेवढ्याच ३० टक्क्यांनी घटते. आमचा शेवटचा चढ ओल्या जांभ्याचा आहे. तिथे क्लच जळेल. आणि उतरताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, ती पकडही जाईल. चढाचा विचार सगळे करतात, उताराचा कुणी करत नाही. मधला ४.८८ चा पर्याय वाईट नव्हता, पण नुसता मागे बसवून चालत नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच हिशोबाचे हवेत, नाहीतर फोर व्हील जोडल्यावर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं, आणि मधले दात झिजतात.

फुल फ्लोटिंगचा मोह मलाच सर्वांत जास्त होता. त्यात वजन हाऊसिंगच्या नळीवरच्या बेअरिंगवर येतं, दांडी फक्त फिरवते. ती तुटली तरी चाक जागेवर राहतं. अम्मीला मागे बसवून उतरणाऱ्या माणसाला हे वाक्य फार गोड लागतं. एका मालवाहू गाडीचा तसा एक्सल मिळतही होता. त्याच्या चाकाला सहा बोल्ट, आमच्या जीपला पाच. म्हणजे पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी आणि स्टेपनी कुठली ठेवायची? शिवाय तो रुंद, टायर मडगार्डच्या बाहेर. आणि जड. पाट्यांच्या खाली जेवढं वजन वाढतं तेवढा प्रत्येक खड्डा वर बसलेल्याला जास्त लागतो. डायलिसिसहून परतताना अम्मीच्या अंगात काही उरलेलं नसतं. मला तिच्या पाठीचा हिशोब पाहायचा होता.

कागदांचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला उभं राहावं लागतं. अपघात झाला तर विमावाले आधी हेच बघणार. माझ्यासारख्या नावाच्या माणसाने कागद इतरांपेक्षा दुप्पट नीट ठेवावेत, हा अब्बांचा नियम होता. मी तो मोडलेला नाही.

शेवटी मूळ मापाच्या निमुळत्या दांड्याच घेतल्या, दोन्ही बाजूंच्या. एकीला तडा गेला, तर दुसरीनेही तेवढंच सोसलं आहे. हबही नवे घेतले, कारण खराब हबवर नवी दांडी बसवली की तीही त्याच वाटेने जाते. मिस्त्रींनी दांडीवर निळ्या शाईचा पातळ थर लावून हब चढवला, काढला आणि डाग सगळीकडे सारखा उमटला का ते पाहिलं. एका हबचा डाग अर्धाच आला. तो परत पाठवला, दुकानदार कुरकुरला. नवी बेअरिंगं, नवे सील आणि शिम घालून काही हजारांश इंचाची मोकळीक. हे सगळं गुरुवारी संध्याकाळपर्यंत उरकलं, शुक्रवारी दुपारी गॅरेज बंद असतं. जुन्यांतली न तडकलेली दांडी मी भंगारात दिली. “अडीअडचणीला ठेवा” असं दोघांनी सुचवलं होतं. घरात असती तर कधीतरी बसवलीच असती.

भाऊ थोडा हिरमुसला. त्याचे पैसे मी पुढच्या एक्सलसाठी राखून ठेवलेत. तिथे वळणाच्या गोलाचे सील गळतात, पाऊस संपला की उघडायचं आहे.

“पाचशे किलोमीटरनी घेऊन या, नट परत आवळायचाय,” मिस्त्री म्हणाले होते. जूनच्या शेवटी नेली. डाव्या बाजूचा नट पाव फेरा आणखी फिरला. पिनेचं भोक जुळेना, तेव्हा त्यांच्या पोराने नट किंचित ढिला करायला पाना लावला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. “मागे नाही, पुढे. भोक जुळेपर्यंत आवळायचं, सोडायचं कधीच नाही.”