रिछाईची कॅसेट

दादाने कॅसेट आणून दिली ती स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसकट. तांदूळ ओल शोषतो असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. डब्यावर काकूच्या हातची 'मेतकूट' अशी चिठ्ठी अजून होती. तो म्हणाला, "साफ करून दे. शेवटचं गाणं अर्धवटच आहे, ते गेलं तरी चालेल."

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. १९९८ च्या डिसेंबरात त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत, काकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चार गाण्यांचा डेमो केला होता. हेवी मेटल, इंग्रजी शब्द, मोजणी मात्र मराठीत. प्रत्येक गाण्याआधी ड्रमवाला ओरडतो : एक, दोन, तीन, चार. चौघांपैकी दोघे मराठी घरातले, दोघे नव्हते. पण मोजायचं मराठीत हे कधी ठरलं ते कोणाला आठवत नाही.

मी अनुवाद करते. काही वर्षांपूर्वी मौखिक आठवणींच्या एका पुस्तकासाठी जुन्या कॅसेटी ऐकून उतरवायच्या होत्या, तेव्हा त्या संगणकावर घ्यायला आणि खरखर कमी करायला शिकले. दादाच्या दृष्टीने एवढी पात्रता पुरेशी होती.

आधी दुरुस्ती. कॅसेटमधली, फितीला हेडवर टेकवून धरणारी नमद्याची इवलीशी गादी निखळून पडली होती. फीत उचलून स्क्रूवाल्या नव्या खोक्यात बसवली. मग हेडचा कोन. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर ऐकणाऱ्या यंत्राचं हेडही तितकंच तिरकं करावं लागतं, नाहीतर झांजा घोंगडीआडून आल्यासारख्या वाटतात. बारीक स्क्रू केसभर फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. अनुवादातही पहिली पानं अशीच जातात. मूळ लेखकाची मान कुठे कललेली आहे ते कळेपर्यंत सगळं मंद ऐकू येतं.

पुढचा प्रश्न वेगाचा. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालावी असा नियम आहे. पण शेडमध्ये प्लग पॉइंट दोनच, तेही अँपनी अडवलेले, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर चालवला होता. सेल उतरत आले की फीत हळू फिरते, आणि हळू भरलेलं रेकॉर्डिंग नेमक्या वेगाने वाजवलं की सूर चढे लागतात. हे दुरुस्त करायची एक नामी युक्ती आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अँपमध्ये ५० आणि १०० हर्ट्झची घरघर येते. ती जितकी सरकलेली दिसेल तितका वेग सरकवायचा. अमेरिकेतल्या टेपवर हीच घरघर ६० ची असते. म्हणजे गाणं कुठल्याही भाषेत असो, टेप कुठल्या देशातली ते तळातली वीज सांगते.

माझी घरघर ५१ च्या वर दिसत होती. पण त्या काळात आपल्या ग्रिडचीच फ्रीक्वेन्सी स्थिर नसे. मागणी वाढली की ४९ च्याही खाली, मागणी कमी झाली की ५० च्या वर. २००२ मध्ये पश्चिम ग्रिडला नवी दरपद्धत लागू झाल्यावर तिला शिस्त लागू लागली. मग दोष सेलचा की ग्रिडचा? शेवटी आठवलं की तेव्हा ट्यूनर नव्हता. दादा गिटारची जाड तार आजीच्या पेटीच्या पांढरी तीनशी जुळवायचा. पेटी काकूकडे अजून आहे. फोनवर तिला पांढरी तीन दाबून धरायला सांगितली. तिने "कशाला गं?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भाता मारला. डेमोचा वेग आजीच्या पेटीवरून ठरला.

हा डेमो अलाहाबादला पाठवायचा होता. 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक १९९३ मध्ये तिथून निघालं. जबलपूर मुंबई-अलाहाबाद रेल्वेमार्गावर, त्यामुळे या मुलांना रॉक दोन्ही बाजूंनी यायचं. मुंबईहून रॉक मशीनच्या कॅसेटी आणि रंगभवनात १९८६ पासून भरणाऱ्या इंडिपेंडन्स रॉकच्या सांगोवांगीच्या गोष्टी, अलाहाबादहून छापील मासिक. पाकीट तयार होतं. पाठवलं नाही, कारण चौथं गाणं मध्येच तुटलं.

ते का तुटलं याची आमच्या घरात एकच गोष्ट आहे : काकांनी मेन पाडला. काकांना हे संगीत आवडत नव्हतं. युनिट लहान, दोन लेथ आणि एक वेल्डिंगचं मशीन. व्हीएफजेच्या कामाचे सुटे भाग करून ते घर चालवत. रविवारी शेड मुलांना देत, पण पाचपर्यंतच. त्या दिवशी सव्वापाच झाले होते. काका एकदा येऊन दारात उभे राहून गेले. थोड्या वेळाने गाणं ऐन रंगात असताना गिटारी एकदम मेल्या. दादा बाहेर धावला तर काका मेनच्या बोर्डापाशी उभे. मी तिथे होते, टेपरेकॉर्डर सांभाळायला. मला विचारलंत तर मीही हेच सांगितलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात दादाने गिटार विकली आणि तो पुण्याला गेला. बापलेक बोलत राहिले, पण कामापुरतं. काकांनी आरोप कधी नाकारला नाही. ते काहीच नाकारत नसत. २०१६ मध्ये ते गेले.

आता साफसफाई. खरखर काढणाऱ्या प्रोग्रॅमला आधी नमुना द्यावा लागतो. ज्यात संगीत नाही, नुसती खरखर आहे, असा सेकंद-दोन सेकंदांचा तुकडा. मग तो संपूर्ण टेपमधून तेवढं वजा करतो. असा तुकडा टेपवर एकच सापडला : अगदी शेवटी, गिटारी मेल्यावर. टेपरेकॉर्डर सेलवर असल्यामुळे चालूच राहिला होता. ड्रमवाला आणखी तीन सेकंद एकटाच वाजवतो, मग थांबतो. दोन सेकंद शांतता. मग दादाची "बाबा!" अशी आरोळी, आणि खटका. तो माझ्या बोटाचा. मी ती दोन सेकंदं नमुना म्हणून दिली. टेप छान स्वच्छ झाली. जरा जास्तच. झांजा पाण्याखाली गेल्यासारख्या वाजू लागल्या. हात जड पडला की असं होतं.

तशी मोहात पडायला उदाहरणं पुष्कळ आहेत. २०२३ मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं. लेननच्या घरगुती कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून संगणकाने वेगळा केला. उलट नॉर्वेच्या डार्कथ्रोनने १९९४ मधला 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' मुद्दामच ओबडधोबड ठेवला. तो धुऊन काढला तर उरणार काय? आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात स्वतःची ओवी घालू नये म्हणून बजावून ठेवलं. तरी सव्वातीनशे वर्षांनी राजवाड्यांनी नाथांच्या आधीची म्हणून वेगळी प्रत छापलीच. एम.ए.ला पाठचिकित्सेत शिकवलेलं एक सूत्र मी तेव्हा पेपरापुरतं पाठ केलं होतं : दोन पाठांत जो अवघड, खडबडीत, तो बहुधा मूळचा, कारण नकलणारा हात सोपं करत जातो.

पाण्याखालच्या झांजा सुधाराव्या म्हणून मी नमुन्याकडे परत गेले. या वेळी आवाजाचं चित्र उघडलं. त्यात वेळ आडवी आणि सूर उभा दिसतो. शंभर हर्ट्झची घरघर म्हणजे एक आडवी रेघ. गिटारी मेल्या तिथे ती कापल्यासारखी थांबते. आणि नेमकी तिथूनच दुसरी एक रेघ खाली उतरायला लागते, उतारावरून घसरत जावी तशी, ड्रमच्या खालून, शांततेतून, "बाबा!"च्याही खालून. मूळ टेपचा तेवढाच भाग हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐकला. ती मोटर होती. फिरत्या लेथची वीज गेली की तो असा कण्हत थांबतो. काकांचे लेथ रविवारी बंद असत. हा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचा, त्यांची ऑर्डर असली की रविवारीही चालणारा. काकांचा मेन पडून शेजारचा लेथ थांबत नाही.

लाइट गेली होती. साधी, रोजची, रब्बीच्या पंपांच्या दिवसांतली. काका बोर्डापाशी उभे होते ते बहुधा आपला फ्यूज उडाला की काय हे बघायला. वीज मंडळाचं मुख्यालय जबलपुरातच असून लाइट जाते, यावर ते एरवी रोज एक विनोद करत.

शेजाऱ्याने त्याच क्षणी लेथ बंद केला असेल, असंही म्हणता येईल. पुरावा नऊ सेकंदांचा, जेमतेम ४३ सेंटिमीटर फितीचा. आणि तोच मी खरखर म्हणून सगळ्या टेपमधून वजा केला होता.

मी दादाला दोन फाइली पाठवल्या. एक त्याने मागितली तशी, तीन गाण्यांची. दुसरीत चारही गाणी, घरघर जवळजवळ होती तशी, आणि शेवटची नऊ सेकंदं जरा मोठी केलेली. सोबत एवढंच लिहिलं : हेडफोन लावून ऐक, भिंतीच्या बाजूचं ऐक.

दोन आठवडे काही नाही. मग एका रात्री फोन आला. काकू कशी आहे, पाऊस कसा आहे, झालं. मग म्हणाला, "तो शेजारचा लेथ. मोठावाला. त्याचा बेल्ट असाच रडायचा."

"मला तसंच वाटतं," मी म्हटलं.

बराच वेळ त्याच्याकडचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

"चौथं गाणं राहू दे," तो म्हणाला. "शेवटापर्यंत."