दोन रेघा

माझे वडील शिक्षक होते. त्यांची बदली डहाणू तालुक्यातील एका लहानशा गावी झाली, तेव्हा मी सहावीत होतो. माझ्या बाकावर एक वारली मुलगा बसत असे. एकदा चित्रकलेच्या तासाला गुरुजींनी ‘माझे घर’ हा विषय दिला. मी दोन डोंगर, त्यांच्या मधोमध सूर्य आणि पुढे कौलारू घर काढले. माझ्या सोबत्याने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर वाटोळे डोके, काड्यांसारखे हातपाय. अशी वीस-पंचवीस माणसे हातात हात गुंफून वेटोळ्याने नाचत होती आणि मध्ये एकजण तारपा वाजवीत होता. गुरुजींनी विचारले, “अरे, यात घर कुठे आहे?” सारा वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

पुढे त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी त्याच्या पाड्यावर गेलो. कुडाची भिंत शेणाने सारवून तिच्यावर गेरू दिलेला होता. सवाष्ण बायका तांदळाच्या पिठात पाणी कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने त्यावर लग्नाचा चौक लिहीत होत्या. चौकात पालघट देवी, भोवती झाडे, पाखरे, माणसे. चित्राखाली नाव घालण्याची रीत नव्हती, आणि ती कोणी काढली हे मीही विचारले नाही.

पुष्कळ वर्षांनी चित्रकलेच्या एका ग्रंथात मला तीच त्रिकोणी माणसे भेटली. तेथे मात्र चित्रकाराचे नाव होते : जिव्या सोमा मशे. डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्याचे हे वारली चित्रकार. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढूनच मनातले सांगू लागले, असे म्हणतात. लग्नापुरती असलेली ही कला त्यांनी रोजची केली. शेणाने सारवलेल्या कापडावर त्यांनी मासे धरण्याचे जाळे काढले आहे. त्याच्या बारीक पांढऱ्या रेघा पाहताना डोळा कोठे ठरतच नाही.

त्याच ग्रंथात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताविषयीही वाचले. १९६७ साली, बावीस वर्षांचे असताना, ते एका कुरणात एकाच वाटेने पुनःपुन्हा चालत राहिले. पायांखाली गवत दबून तेथे एक सरळ रेघ उमटली. तिचे छायाचित्र घेतले, तीच त्यांची कलाकृती! मला प्रथम हसू आले. परंतु एकदा हसून मी चुकलो होतो, म्हणून पुढे वाचत गेलो. लाँग दूरदूर पायी हिंडतात, वाटेतले दगड वर्तुळात मांडतात, ओला चिखल हातांनी भिंतीवर थापतात. चिखल, भिंत आणि हात! मला पाड्यावरची भिंत आठवली.

१९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात दोघांचीही कामे होती. पुढे २००३ साली लाँग वारल्यांच्या मुलखात आले आणि त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी दोघांचे मिळून प्रदर्शन भरले. दोघांना समाईक अशी भाषा नव्हती. एकाची माती चिखल होऊन आली होती, दुसऱ्याची गेरू आणि शेण होऊन. मला विशेष वाटते ते हे की, त्यानंतर लाँग काही त्रिकोणी माणसे काढू लागले नाहीत, की मशे कुरणात रेघा ओढीत फिरले नाहीत. एकाने दुसऱ्याचे पाहिले, आणि प्रत्येकजण आपल्याच वाटेने गेला.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. लाँग यांची रेघ ‘आजची’ आणि मशे यांची ‘प्राचीन’ असे म्हणणारे लोक अजून भेटतात. अहो, मशे लाँग यांच्याहून अवघ्या अकरा वर्षांनी मोठे! २०१८ साली ते वारले, तोवर ते काम करीत होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कळते, त्या मुलाने घर काढलेच होते. तारपा वाजत होता ते त्याचेच अंगण. तासानंतर गुरुजींनी चित्र परत दिले, तेव्हा त्याने त्याची चार पदरी घडी घालून खिशात ठेवली होती. पुन्हा त्याने ती मला कधी उघडून दाखवली नाही.