दोन-दोन गुणांचे दुखणे

गेली नऊ वर्षे मला आमवात आहे आणि त्यांपैकी पाच वर्षे ब्रिटनच्या सरकारकडून मी अपंगत्वाचा भत्ता घेते. ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ हे त्याचे लांबलचक नाव. इथे सगळे ‘पिप’ म्हणतात. तो रोगाच्या नावावर मिळत नाही. स्वयंपाक, स्नान, शौच, कपडे घालणे अशा नित्याच्या क्रिया माणसाला कशा जमतात हे पाहून गुण देतात. बेरीज ८ झाली की भत्ता सुरू होतो; २०२५-२६ साली तो आठवड्याला ७३.९० पौंड होता. नोकरी करणाऱ्यालाही तो मिळतो.

माझे आठ गुण असे जमले : भाजी चिरण्यास जाड मुठीची खास सुरी लागते, २. स्नानाला आधाराची दांडी, २. शौचकूपावर उंच बैठक, २. गुंड्या लावायला आकडा, २. नियमातील ‘साधे जेवण’ म्हणजे ताज्या जिनसांचा, एकट्यापुरता, एकच शिजवलेला पदार्थ. ओव्हनपर्यंत वाकणे त्यात धरत नाहीत. कणीक मळण्याचे तर नावच नको. सांगलीहून आई मात्र फोनवर पहिल्यांदा तेच विचारते, “कणीक भिजवता येते का गं हल्ली?” तिची तपासणी मला अधिक नेमकी वाटते.

मार्च २०२५मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने प्रस्ताव मांडला, की नुसती बेरीज पुरणार नाही. कोणत्या तरी एका क्रियेत किमान ४ गुण हवेत. कमरेखालचे अंग धुण्यास दुसऱ्याची मदत लागली तर २ गुण, खांद्यापासून कमरेपर्यंतचे धुण्यास लागली तर ४. या सूत्राने माझा भत्ता शून्यावर आला असता. आमवात एकाच जागी घाव घालत नाही. तो वाळवीसारखा सगळ्या क्रियांत थोडा थोडा शिरतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस पोखरून निघतो. हे सरकारी हिशेबनिसांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. वर्षाला सुमारे ५ अब्ज पौंड वाचवायचे होते.

सत्ताधारी पक्षाच्याच शंभराहून अधिक खासदारांनी विरोध केला, तेव्हा जूनअखेर जुन्या लाभार्थींना वगळण्यात आले. पुढे १ जुलैला, ऐन चर्चेच्या मध्यावर, मंत्री स्टीफन टिम्स यांनी ते कलमच मागे घेतल्याचे सांगितले. कोमट पाण्यात बोटे सोडून मी ती चर्चा ऐकत होते. उरलेले विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे गेले. त्यानुसार एप्रिल २०२६पासून आजारपणामुळे काम न झेपणाऱ्या बहुतेक नव्या अर्जदारांचा ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मधील जादा भाग आठवड्याला सुमारे ९७ पौंडांवरून ५०वर आला. अतिगंभीर आणि मरणासन्न रुग्ण तेवढे वगळले. सभागृहात त्या सायंकाळी बोलबाला झाला तो माघारीचा. या कपातीचा कमी.

पिपचे गुण कसे असावेत, याचा फेरविचार टिम्स यांच्याकडेच सोपवला गेला. तुमचे कोणी इकडे असा अर्ज भरत असेल, तर त्याला ‘जमते’ एवढेच लिहू देऊ नका. सुरक्षितपणे जमते का, पुन्हापुन्हा जमते का, निरोगी माणसाच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो का, आणि महिन्यातले किती दिवस, हे सारे नियमातच विचारात घ्यायचे असते. मी वहीत रोज लिहिते. कालची नोंद : गुंड्या, अकरा मिनिटे, दुपारनंतर सुरी धरता आली नाही.