दादा, त्या चिमटीबद्दल

प्रिय दादा,

तंबाखू सोड, हे सांगायला हे पत्र नाही. ते सगळ्यांनी सांगून झालंय. तू ती का धरलीस, यावर मला बोलायचंय.

कापसाच्या हंगामात खामगावच्या अडतीवर तू आधी चिमूट मळतोस, बार लावतोस, मगच वही उघडतोस. तंबाखूविना बसलास की बेरीज अर्ध्यात सुटते, किल्ली हरवते, सांगितलेलं काम राहून जातं. नवरात्रात सोडलीस तेव्हा हेच झालं आणि घरानं तुला कच्च्या मनाचा ठरवलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

लक्ष न टिकण्याचा एक त्रास असतो, एडीएचडी; तो मोठेपणीही राहू शकतो, आणि तुला तोच असेल असं मला वाटतं. त्यात मेंदूतल्या डोपामीनचा संबंध असतो, आणि निकोटीन डोपामीनच वाढवतं. 1996 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एडवर्ड लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी असा त्रास असलेल्या प्रौढांना निकोटीनची पट्टी लावून पाहिली. लक्ष सुधारलं, आणि धूम्रपान न करणाऱ्यांचंही सुधारलं. म्हणजे तुला वाटणारा फरक खोटा नाही. तू आपल्या परीनं कदाचित औषधच शोधलंस, दादा.

पण ते औषध फार वाईट आहे. चुन्यानं तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालातून रक्तात उतरतं. दोनेक तासांत ते निम्म्यावर येतं, की पुन्हा तलफ, पुन्हा उडालेलं लक्ष. त्यातलं मूळ त्रासाचं किती आणि उतरत्या तंबाखूचं किती, हे बसल्या जागी कोणालाच सांगता येणार नाही. सोबत गालात कर्करोग घडवणारी नायट्रोसामाइन्स दिवसभर बसून राहतात. परदेशातला अभ्यास बहुतेक सिगारेटवर झालाय; आपलं दुखणं तोंडातलं. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, ओढणारे 3.8 टक्के.

म्हणून नुसतं सोडणं नको. लक्षाचा त्रास आहे का, हे आधी मनोविकारतज्ज्ञाकडून तपासून घेऊ. असला तर मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन अशी औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तंबाखू सुटताना निकोटीनचा गम लागेल तर तोही त्यांनाच विचारू. मधल्या काळात 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं. आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर दातांच्या डॉक्टरांकडे लगेच जा, माझी वाट पाहू नकोस.

तपासणीसाठी बुलढाण्याला मी तुझ्यासोबत येते. हा त्रास बाराव्या वर्षाच्या आत सुरू झाला होता का, हे डॉक्टर विचारतात. आईला तुझ्या शाळेतलं सगळं आठवतं, तिलाही घेऊ. माळ्यावरच्या पेटीत तुझी प्रगतिपुस्तकं आहेत, तेवढी काढून ठेव.

तुझी,
बहीण