हा दीड कुठून आला?

आमच्या चंद्रपुरात 'गाडी एका बाजूला ओढते' ही तक्रार घराघरांत ऐकू येते. कोळशाच्या ट्रकांनी रस्ते खचले, की दर पावसाळ्यानंतर कुणाची ना कुणाची गाडी ओढायला लागते. माझीही लागली. ती घेऊन एका गॅरेजात गेलो, तर गाडीखालून बाहेर आला तो माझाच एक जुना विद्यार्थी. हात ग्रीसने माखलेले, म्हणून त्याने कोपर पुढे करून सलाम केला.

हा मुलगा नववीत शाळा सोडून गेला होता. खरे सांगायचे, तर सोडायला मीच लावली. भूमितीचा पेपर त्याने कोरा दिला, तेव्हा मी त्याच्या अब्बांना बोलावून म्हणालो होतो, "इसका दिल पढाई में नहीं है, किसी काम पे लगा दो." मी बी.एड. करून नुकताच नोकरीला लागलो होतो. उर्दू शाळेच्या मास्तरचा शब्द मोहल्ल्यात अजून मानला जातो, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

त्या दिवशी तो एका जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांशी झटत होता. मित्रांनी मिळून ती शर्यतीसाठी घेतली होती. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्यांची पाव मैलाची, सुमारे 402 मीटरची धाव. अमेरिकेत या शर्यतींसाठी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संघटना 1951 मध्ये निघाली. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. झाडीपट्टीच्या माणसाला मात्र हे समजावून सांगावे लागत नाही. आपला शंकरपट दुसरे काय आहे? या मुलाचे नानिहाल देसाईगंजचे. बैलांच्या शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. बंदीच्या आधी त्याने नानांच्या खांद्यावर बसून पट पाहिले होते. "जोडी तिरछी गई तो हारी, सर. गाडी का भी वैसाच है. इंजन कोई भी बना लेगा, सीधी चलनी चाहिए."

सरळ चालण्यासाठी चाक सरळ उभे करून भागत नाही, हे मला त्याच्याकडून कळले. सायकलचा पुढचा चिमटा पहा. तो किंचित मागे कललेला असतो, म्हणून वेगात हात सोडले तरी चाक आपोआप मधोमध येते. मोटारीत या कलाला कॅस्टर म्हणतात. शर्यतीच्या गाडीत तो वाढवतात, म्हणजे वेगात स्टिअरिंग भरकटत नाही. चाकाचे आत-बाहेर झुकणे म्हणजे कॅम्बर. ते जवळजवळ शून्य ठेवायचे, म्हणजे टायर पूर्ण टेकतो. तिसरे टो. ज्या गाडीची मागची चाके तिला ढकलतात, तिची पुढची चाके धावताना बाहेर फाकू पाहतात. म्हणून उभ्या गाडीत ती दोन-तीन मिलिमीटर आत वळवून ठेवायची.

त्याची हत्यारे पाहून मी चकित झालो. टायर फिरवून मधोमध खिळ्याने ओढलेली रेघ, एक टेप, गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणलेली सुतळी. कॅम्बरसाठी कंपासपेटीतला कोनमापक आणि त्याला दोऱ्याने लटकवलेला एक नट. चालकाच्या जागी साठ किलो धानाचे पोते. सुटताना गाडीचा भार मागे जातो आणि नाक वर उठते. तेव्हा टो बदलतो. म्हणून त्याने नाक अर्धा-अर्धा इंच उचलून प्रत्येक वेळी टो मोजला होता आणि आकडे भिंतीवर खडूने, उर्दूत लिहिले होते. "खडी गाडी का नाप झूटा रहता, सर. दौडते वक्त कैसी रहेगी, वो नापना."

मग त्याने विचारले, "एक बात बताओ. चक्का बीस डिग्री इधर मोडके कॅम्बर देखते, बीस डिग्री उधर मोडके देखते. दोनों में जो फरक आया, उसका देढ गुना कॅस्टर. उस्ताद ने सिखाया. पर ये देढ कहां से आया?"

मला उत्तर येत नव्हते. दहा वर्षे भूमिती शिकवून येत नव्हते.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर कागद घेऊन बसलो. चाक वीस अंश वळवले, की कॅस्टर गुणिले साइन वीस इतके ते झुकते. दुसरीकडे वळवले, की तितकेच उलट झुकते. साइन वीस म्हणजे 0.342, त्याची दुप्पट 0.684. एकाला त्याने भागले की 1.46. हाच उस्तादाचा दीड! कॅम्बरमध्ये चार अंशांचा फरक, तर कॅस्टर जवळजवळ सहा अंश. आम्ही दहावीला जे त्रिकोणमितीचे कोष्टक पाठ करून घेतो, ते त्या गॅरेजच्या फरशीवर रोज चालत होते. आणि त्याला भूमिती येत नाही, असा शेरा मी देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी कागद त्याला दाखवला. ज़ाविया, मुसल्लस हे शब्द त्याला आठवत होते. तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मी विचारले, "दौडाओगे कहां?" तो गप्प झाला. मला समजले, रात्री मूल रोडवर. लोहाऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना जंगल. चितळ, रानडुक्कर, कधी वाघसुद्धा रस्ता ओलांडतो, आणि समोरून ट्रक. "तुझी सुतळी कितीही सरळ असली, तरी समोरचा सरळ येईल याची हमी तुझ्याकडे आहे का?" मोरव्याची धावपट्टी आहे, पण ती विमानांची. परवानगीची, हेल्मेटची, डॉक्टर हजर असलेली शर्यत जिथे असेल, तिथेच गाडी नेईन, असा शब्द मी त्याच्याकडून मागितला.

"वो फॉर्म अंग्रेजी में रहते, सर."

"मी भरून देतो."

"फिर एक और भर दो," तो मान खाली घालून म्हणाला, "सतरा नंबर का."

सतरा नंबरचा अर्ज म्हणजे शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसण्याचा. मी तो भरला. त्याच्या अब्बांकडेही गेलो आणि तेव्हाचा माझा शब्द परत घेतला. ते म्हणाले, "मास्टरसाहब, आप ही ने तो कहा था." मी म्हणालो, "मैंने गलत नापा था."

आता रविवारी तो माझ्याकडे येतो. मराठीचा पेपर त्याला जड जाणार आहे. पद्मिनी गॅरेजात झाकून उभी आहे.